बाहेरून आलेल्याच्या धंद्याने त्या देशाला काय मिळतं? वही उघडून बघू

प्रश्न असा आलाय: "माझा भाचा परदेशात स्वतःचा धंदा काढायच्या खटपटीत आहे. तिथले काही जण त्याला तोंडावर म्हणतात की तुम्ही बाहेरचे येऊन आमच्या पोटावर पाय देता आणि नफा मायदेशी पाठवता. दुसरीकडे पेपरवाले गूगलचं उदाहरण देऊन सांगतात की स्थलांतरितांनीच देश वर काढला. नक्की खरं काय? आणि व्हिसाच्या अर्जात 'तुमच्या धंद्यामुळे देशाला काय फायदा होईल' असं विचारलंय, तिथे लिहायचं काय?"

मी अकाउंटंट आहे, स्वतःही बाहेरूनच आलेलो, आणि गेली वीसेक वर्षं माझं निम्मं काम अशाच लोकांचं असतं, म्हणजे कर्जाच्या फाइली, टॅक्स, कामगारांचे पगारपत्रक, आणि धंदा बुडाला तर तो नीट बंद करून देणं. त्यामुळे मला देशाची अर्थव्यवस्था वगैरे आकाशातून दिसत नाही, वहीतल्या नोंदींतून दिसते. उत्तरही तसंच देतो.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. स्थलांतरित चांगले की वाईट हा मुद्दाच नाहीये. मुद्दा एवढाच की त्या माणसाच्या धंद्याने काही नवीन भर पडली, की एकाच्या गल्ल्यातलं दुसऱ्याच्या गल्ल्यात गेलं? आणि याचं उत्तर धंद्यागणिक बदलतं, जागेगणिक बदलतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्या देशाचे नियम कसे आहेत यावर बदलतं. जो कुणी तुम्हाला सरसकट हो किंवा सरसकट नाही असं सांगतो त्याने बहुतेक एकही वही उघडून बघितलेली नसते.

माझ्याकडच्या एकाचं सांगतो. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन आला, त्या कागदाला तिथे कुणी विचारेना, म्हणून दोन वर्षं कुरिअरची गाडी चालवली. गाडी चालवताना त्याच्या लक्षात आलं की रस्त्याच्या कामावर, शेतावर, जिथे बघावं तिथे पोकलेन आणि ट्रॅक्टर नुसते उभे आहेत. कारण काय तर हायड्रॉलिकचा होस, म्हणजे मशीनचा हात हलवणारं दाबाखालचं तेल नेणारी जाड नळी, फुटलाय. होस फुटला की तेल भसकन जमिनीवर, मशीनचा हात आहे तिथेच टेकलेला, ड्रायव्हर बिड्या फुंकत बसलेला, माती न्यायला आलेले ट्रक मागे रांगेत, आणि मशीनचं भाडं चालूच. जुना होस काढून लांबच्या डीलरकडे न्यायचा, त्याच्याकडे त्या मापाचा नसला की ऑर्डर द्यायची, दोन दिवस गेले. या पठ्ठ्याने सेकंड हँड व्हॅन घेतली, मागे क्रिंपिंग मशीन बसवलं, होसची रिळं टाकली आणि फोन आला की थेट साइटवर जायला लागला. जुन्या होसचं माप घ्यायचं, तेवढा तुकडा कापायचा, टोकाला फिटिंग घालून मशीनमध्ये दाबायचं, बसवायचं, तेल भरायचं. तासाभरात मशीन चालू.

आता त्याची पहिल्या वर्षाची खर्चाची वही बघा. होस आणि फिटिंग तिथल्याच होलसेलरकडून, डिझेल, गाडीचा विमा, शेडचं भाडं, वीज, वापरलेलं तेल नियमाप्रमाणे उचलून नेणाऱ्या कंपनीचं बिल, गाडीवर नाव रंगवून देणारा, वेबसाइट करून देणारा पोरगा, माझी फी, आणि टॅक्स. यातला एकही माणूस त्याच्या गावचा नव्हता, मी सोडून म्हणा, आणि मीही टॅक्स तिथेच भरतो. पहिली दोन-तीन वर्षं तर अशी गेली की या सगळ्यांना पैसे मिळाले आणि मालकाच्या हाती कुरिअरच्या पगाराएवढेही राहिले नाहीत.

पण खरा फायदा त्याच्या वहीत दिसतच नाही! तो दुसऱ्यांच्या वह्यांत आहे. ज्या कंत्राटदाराचे दोन दिवस वाचले त्याचं काम वेळेत संपलं, दंड वाचला, पुढचं काम घेता आलं. शेतकऱ्याची कापणी पावसाआधी उरकली. हे कुठल्याच सरकारी फॉर्ममध्ये 'स्थलांतरिताच्या धंद्याचा फायदा' म्हणून लिहिलं जात नाही. फॉर्ममध्ये येतं काय तर 'निर्माण केलेल्या नोकऱ्या: २'. ते आकडे खोटे नाहीत, पण त्यावरून धंद्याची किंमत करणं म्हणजे विहिरीचं पाणी तिच्या काठावरच्या बादल्या मोजून ठरवणं.

नुकसान कुणाचंच झालं नाही का? झालं ना. तो लांबचा डीलर. त्याचं काउंटरवरचं गिऱ्हाईक कमी झालं, सुरुवातीला तो याच्याकडे बघायचाही नाही. मग वर्ष-दीड वर्षाने त्यानेही स्वतःची व्हॅन काढली. म्हणजे गिऱ्हाइकाला आता दोन व्हॅन झाल्या. स्पर्धेत एकाला झळ बसते आणि बाकी सगळ्यांचं काम स्वस्तात होतं, हे देशी माणसाने धंदा काढला तरी होतंच, फक्त तेव्हा कुणी 'पोटावर पाय' म्हणत नाही.

हे काही आजचं नाही. मायकेल मार्क्स नावाचा माणूस, मूळचा स्लोनिमचा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातला ज्यू, इंग्लंडात आला तेव्हा त्याला धड इंग्रजी येत नव्हतं. लीड्समधल्या आयझॅक ड्यूहर्स्ट नावाच्या घाऊक व्यापाऱ्याने त्याला पाच पौंड उसने दिले, मार्क्सने त्याच पैशांनी त्याच्याकडूनच माल उचलला. १८८४ मध्ये लीड्सच्या कर्कगेट बाजारात त्याचा ठेला लागला आणि त्यावर पाटी, 'किंमत विचारू नका, सगळं एक पेनी'. भाषा येत नाही म्हणून घासाघीस टाळायची ही युक्ती असं म्हणतात, पण गिऱ्हाइकालाही तेच सोपं वाटलं. १८९४ मध्ये ड्यूहर्स्टकडचाच कॅशिअर टॉम स्पेन्सर त्याचा भागीदार झाला, आणि ते झालं मार्क्स अँड स्पेन्सर, ब्रिटनमधली दुकानांची मोठी साखळी. मला यातली आवडती गोष्ट मार्क्सची नाहीये, ड्यूहर्स्टची आहे. त्याच्या घराण्याची कंपनी पुढे पिढ्यान् पिढ्या मार्क्स अँड स्पेन्सरला कपडे पुरवत राहिली. पाच पौंड उसने देणाऱ्या स्थानिक माणसाला किती परतावा मिळाला बघा, आणि त्याच्या कारखान्यांत काम करणारे कामगार वेगळेच.

आता अभ्यास काय म्हणतात ते, कारण माझ्या चार वह्यांवरून सगळं जग ठरत नाही. अमेरिकेतले पिएर अझुले, बेंजामिन जोन्स वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या सरकारी नोंदी घेऊन तपासलं तर त्यांना दिसलं की बाहेरून आलेला माणूस कंपनी काढण्याची शक्यता तिथे जन्मलेल्यापेक्षा सुमारे ८० टक्के जास्त आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे हे फक्त टपऱ्यांचं किंवा फक्त मोठ्या टेक कंपन्यांचं नाही, लहान, मध्यम, मोठ्या सगळ्या आकारांत तेच. म्हणून त्यांचा निष्कर्ष असा की हे लोक नोकऱ्या घेतात त्यापेक्षा देण्याच्या बाजूला जास्त दिसतात. फॉर्च्यून ५०० म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या पाचशे कंपन्यांच्या यादीतल्या साधारण ४५ टक्के कंपन्या स्थलांतरितांनी किंवा त्यांच्या मुलांनी काढलेल्या आहेत, हा आकडा तुम्ही वाचला असेलच.

मात्र नोकऱ्या 'खाल्ल्या' जातात का, यावर अर्थशास्त्रज्ञांचीही भांडणं आहेत हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९८० मध्ये क्यूबातून सव्वा लाखाच्या आसपास माणसं काही महिन्यांत अमेरिकेत आली, त्यातली बरीचशी मायामीत राहिली, शहरातले काम करणारे हात एकदम ७ टक्क्यांच्या आसपास वाढले. डेव्हिड कार्डने १९९० मध्ये त्यावर पेपर लिहिला की मजुरीवर जवळजवळ काही परिणाम झाला नाही. पुढे जॉर्ज बोर्हासने तोच काळ पुन्हा तपासून म्हटलं की नाही, अगदी कमी शिकलेल्यांची मजुरी चांगलीच पडली. मग तिसऱ्यांनी बोर्हासच्या आकड्यांवर बोट ठेवलं. वाद चालूच आहे. पण तो वाद मजुरी करायला येणाऱ्यांचा आहे, धंदा काढणाऱ्याचा प्रश्न जरा वेगळा, कारण धंदा काढणारा कामाच्या रांगेत उभाच राहत नाही, तो दुसरी रांग लावतो. देशात कामं मोजकीच आहेत आणि एकाने घेतलं की दुसऱ्याचं गेलं, ही समजूतच मुळात चुकीची आहे, काम म्हणजे रेशनची साखर नव्हे.

बाहेरचे लोकच जास्त धंदे का काढतात? लोक म्हणतात जिद्द. असेल, पण माझ्या अनुभवात निम्म्या वेळा कारण नाइलाज असतं. डिग्री मानत नाहीत, नाव वाचून इंटरव्ह्यूलाच बोलवत नाहीत, मग माणूस स्वतःचं काहीतरी करतो. तो होसवालासुद्धा नोकरी मिळाली असती तर गपचूप नोकरीच करत बसला असता. हे देशाच्या दृष्टीने फायद्याचं म्हणायचं का? मला नाही वाटत पूर्णपणे. डॉक्टर टॅक्सी चालवतोय आणि टॅक्सीचा मालक झाला म्हणून टाळ्या वाजवायच्या, आणि दवाखान्यात डॉक्टर नाही ते बघायचं नाही, हा हिशोब मला कधी जुळला नाही. दुसरं कारण जास्त इंटरेस्टिंग आहे. नवख्या माणसाला ती गैरसोय दिसते जिची तिथल्यांना सवय झालेली असते. पोकलेन दोन दिवस उभं राहतं हे तिथे सगळ्यांना माहीतच होतं, कुणाला त्यात धंदा दिसला नव्हता एवढंच.

बंद पडलेल्या गोष्टी उघडणं हा आणखी एक प्रकार, आणि यावर फार कमी बोललं जातं. हमदी उलुकाया, तुर्कस्तानातून १९९४ मध्ये अमेरिकेत शिकायला गेलेला कुर्दिश माणूस. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ एडमेस्टन नावाच्या खेड्यात एका मोठ्या कंपनीने बंद केलेला दह्याचा कारखाना विकायला होता, तो याने घेतला, त्यासाठी जे कर्ज काढलं त्याला सरकारच्या लघुउद्योग खात्याची हमी होती. जुन्या कामगारांतल्या मोजक्या लोकांना परत बोलावलं आणि पहिलं काम काय केलं तर भिंती रंगवल्या. २००७ मध्ये त्याचं चोबानी नावाचं दही बाजारात आलं. कारखाना परत सुरू झाला म्हणजे फक्त कामगार नाही, त्या भागातल्या गोठ्यांचं दूध, टँकर, डबे, सगळं परत हललं. पण सरकारी हमीचं कर्ज नसतं तर? हा प्रश्नही विचाराच, म्हणून मी वर म्हटलं की नियमांवर बरंच अवलंबून आहे.

मोठ्या कंपन्यांचं कौतुक मात्र बेताने करावं. जर्मनीतलं माइंट्स शहर बघा. उगुर शाहीन तुर्कस्तानात जन्मलेला, ओझ्लेम तुरेजी जर्मनीत जन्मली पण आईवडील तुर्की, दोघांनी २००८ मध्ये तिथे बायोएनटेक काढली. (पत्ता 'आन डेर गोल्डग्रुबे', म्हणजे सोन्याच्या खाणीपाशी. उगाच नाही.) कोविडची लस आली आणि वर्षानुवर्षं कर्जात असलेल्या त्या शहराच्या तिजोरीत व्यवसायकराचा एवढा पैसा आला की २०२१ मध्ये एक अब्ज युरोच्या घरात शिल्लक दाखवता आली, कर्ज फेडायला घेतलं, आणि सगळ्याच कंपन्यांसाठी कराचा दरही उतरवला. झालं, जगभर बातम्या. पण लशीची मागणी ओसरल्यावर ते उत्पन्नही खाली आलं. एका वडाच्या झाडावर गाव चालत नाही. मला विचाराल तर अशा एका कंपनीपेक्षा शे-दोनशे होसवाले असलेलं शहर जास्त निवांत झोपतं, फक्त त्यांची बातमी होत नाही.

उलटा प्रयोगही इतिहासात झालेला आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितलं. दुकानं, कारखाने, साखरेचे मळे सगळं काढून आपल्या मर्जीतल्या लोकांत वाटलं. 'पोटावर पाय' म्हणणाऱ्यांच्या हिशोबाने आता युगांडातल्या लोकांची चांदी व्हायला हवी होती. झालं काय, तर माल आणणारी साखळी तुटली, सुटे भाग मागवायचे कुठून, उधारी कुणाला द्यायची, कुठला माल कधी भरायचा हे माहीत असलेली माणसंच गेली, साखरेचं उत्पादन कोसळलं, दुकानं रिकामी. दुकानाची इमारत ताब्यात घेता येते, धंद्याची ओळखदेख ताब्यात घेता येत नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनीच्या सरकारने जप्त मालमत्ता परत द्यायला घेतल्या आणि त्याच कुटुंबांना या म्हणून सांगितलं. आणि दुसरं टोक बघा, त्यातले २७-२८ हजार लोक ब्रिटनला गेले, तेव्हा लेस्टर शहराच्या कौन्सिलने युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती की कृपया आमच्याकडे येऊ नका, घरं नाहीत, शाळा भरल्यात. तरी लोक आलेच. होजिअरीचे कारखाने बंद पडत चाललेल्या त्या शहरात त्यांनी मोकळ्या दुकानांत आणि शेडमध्ये धंदे थाटले आणि आज तेच शहर त्यांचं नाव अभिमानाने घेतं.

नफा बाहेर जातो, या मुद्द्याचं काय? लहान धंद्यात विक्रीच्या सोळा आण्यांतला एखाददुसरा आणा मालकाच्या खिशात राहतो. बाकी पंधरा माल, पगार, भाडं, विमा, कर यात तिथल्या तिथेच जातात. त्या उरलेल्या आण्यातला काही भाग कुणी आईला पाठवला तर पाठवला, त्यावर कर भरून झालेला असतो. आणि पैसा ज्या रस्त्याने बाहेर जातो त्याच रस्त्याने ऑर्डरीही येतात हे लोक विसरतात. ॲनाली सॅक्सेनियन या अमेरिकन संशोधिकेने सिलिकॉन व्हॅलीवर काम केलंय, त्यात हेच दिसलं की तिथल्या तैवानी आणि भारतीय इंजिनिअरांनी दोन्हीकडची कामं जोडून दिली, माणसं दोन्हीकडे जात-येत राहिली, आणि त्यात व्हॅलीचा तोटा झाला नाही.

आता जिथे फायदा नसतो ते. एका गल्लीत मोबाइलची सहा दुकानं असताना सातवं काढणारा माझ्याकडे आला होता. मी नको म्हटलं, त्याने काढलंच. सातही जणांनी तेच गिऱ्हाईक वाटून घेतलं, चौदा महिन्यांत बंद. कमावलं फक्त जागामालकाने, आणि कुलूप लावायची कागदपत्रं केली म्हणून थोडंफार मी. दुसरा प्रकार वाईट, आपल्याच नात्यातल्या पोरांना रोखीत निम्म्या पगारावर राबवायचं आणि त्याला 'सांभाळून घेतलं' म्हणायचं. तिथे कर बुडतो, पोरांचं आयुष्य अडकतं आणि सरळ पगार देणारा शेजारचा दुकानदार तोट्यात जातो. अशी वही मी हातात घेत नाही, पण ती असते. आणि तिसरा प्रकार म्हणजे पैसे दिले की व्हिसा. नुसतं घर विकत घेऊन राहण्याचा हक्क मिळतो तिथे धंदा वगैरे काही होत नाही, घरं महाग होतात. पोर्तुगालने २०२३ मध्ये आपल्या गोल्डन व्हिसातून घरखरेदीचा रस्ता काढून टाकला, स्पेनने २०२५ मध्ये ती योजनाच बंद केली, ते उगीच नाही. अमेरिकेच्या ईबी-५ या गुंतवणूकदारांच्या व्हिसात, तो १९९० पासून आहे, निदान दहा जणांना पूर्णवेळ काम मिळालं पाहिजे अशी अट तरी आहे.

तर भाच्याच्या त्या अर्जाकडे येऊ. लोक तिथे लिहितात 'पाच वर्षांत पन्नास नोकऱ्या देणार'. असले आकडे तपासणारा माणूस रोज वाचतो, आणि पुढे रिन्युअलला तेच आकडे काढून विचारतात की कुठायत पन्नास. त्याला सांगा, नोकऱ्यांचा आकडा खरा आणि लहान लिही. त्याऐवजी तीन गोष्टी नीट मांड. एक, आज ही सोय नाही म्हणून कुणाचं काय अडतंय. दोन, माल आणि सेवा तिथल्या कुणाकुणाकडून घेणार, शक्य असेल तर त्यांची कोटेशनं लावून. तीन, आत्ता हे काम करणारे कोण आहेत आणि आपलं वेगळं काय, आणि ते लपवायचं नाही, स्पर्धक नाहीतच असं लिहिणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. देशादेशाप्रमाणे अटी वेगळ्या असतात, दरवर्षी बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी तिथल्या परवाना असलेल्या वकिलाला एकदा दाखवाच, हे काम माझ्यासारख्या अकाउंटंटचं नाही.

होसवाल्याच्या रिन्युअलच्या फाइलला आम्ही ताळेबंद, कर भरल्याच्या पावत्या, दोन कामगारांचं पगारपत्रक, सगळं लावलं होतं. शेवटी त्याने हट्टाने तीन कागद घुसवले, मी नको म्हणत होतो कारण एक तर चक्क ऑइलच्या बोटांचे डाग पडलेला होता. गिऱ्हाइकांनी हाताने लिहून दिलेलं, अमुक तारखेला मशीन बंद पडलं, इतक्या वाजता फोन केला, इतक्या वाजता चालू झालं. मुलाखतीत अधिकाऱ्याने ताळेबंद बाजूला ठेवला आणि तो डागवाला कागद उचलून विचारलं, "हे तासाभरात करता म्हणजे नेमकं कसं करता?"